तिसऱ्या गेटाकडची खानावळ, निपाणीचे मामा आणि माझा रसेल विल्सन

नाव घालत नाही खानावळीचं, मालक ओळखीचे आहेत आणि खाली थोडं वाईटपण लिहिलंय. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाकडं, एवढंच.

तर दिवाळी झाल्यावर तिथं मोठा फ्लेक्स लागला, निपाणीचे सुप्रसिद्ध आचारी आता बेळगावात, आणि आचाऱ्याचा फोटो मालकांच्या फोटोच्या दुप्पट. हायवेवरच्या धाब्यावर वीसेक वर्षं तांबडा रस्सा केलेला माणूस, तिथलं काम रीतसर संपवून आलाय आणि इथं गुढीपाडव्यापर्यंतच थांबणार, कारण नंतर पोराबरोबर स्वतःचं काढायचंय. फ्लेक्स वाचला आणि माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की अरे हा तर ग्रॅज्युएट ट्रान्सफर! आता हे काय ते सांगतो, ज्यांना फक्त मटणाशी मतलब आहे त्यांनी जरा खाली जावा.

मी २०११ ते २०१३ अमेरिकेत विस्कॉन्सिनला एमएस करत होतो, मॅडिसन गावात. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे, अंड्यासारखा बॉल काखेत मारून पळायचं ते. स्टेडियमचं नाव कॅम्प रँडल, तेव्हा ऐंशी हजार माणूस बसायचं, आणि जुन्या काळात तिथं खरंच मिलिटरीचा तळ होता. फोनवर आईला म्हटलं शनिवारी कॅम्पात मॅच बघायला चाललोय, तर म्हणते एवढ्या लांब जाऊन परत कॅम्पातच काय रे, कारण बेळगावातपण कॅम्प आहे.

नियम असा होता की खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळायला मिळायचे आणि कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं. पण ज्याची डिग्री झालीय आणि सीझन शिल्लक आहे तो दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पुढच्या कोर्सला नाव घालून लगेच खेळू शकायचा, हाच ग्रॅज्युएट ट्रान्सफर. रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा, असाच आला, नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधून डिग्री घेऊन, मधल्या काळात बेसबॉलपण खेळून, आणि शिल्लक एकच सीझन. मी उतरलो ऑगस्टात आणि तोही तिथं नवाच, म्हणून उगाच आपलेपणा वाटायचा. आल्या आल्या पोरांनी त्याला कॅप्टन केलं. ३३ टचडाऊन पास, म्हणजे आपल्या गड्यानं झेलून थेट पॉइंट मिळवलेले थ्रो, आणि इंटरसेप्शन फक्त ४, म्हणजे पूर्ण सीझनमध्ये चार वेळाच बॉल समोरच्यांच्या हातात दिला. मिशिगन स्टेटला ४२-३९ हरवून बिग टेन ही आमची लीग जिंकली, रोझ बोल या सीझनच्या शेवटच्या मोठ्या मॅचमध्ये ओरेगॉनकडून ४५-३८ हरले तरी कुणी त्याला एक शब्द बोललं नाही.

आणि तिथंच सगळ्यांचं डोकं बिघडलं, माझंसुद्धा. पुढच्या वर्षी मेरीलँडहून डॅनी ओब्रायन आला, हापण डिग्री झालेलाच, आणि आम्ही सगळे सीझन सुरू व्हायच्या आधीच विल्सन नंबर दोन म्हणून मोकळे. तिसऱ्या मॅचला, युटा स्टेटविरुद्ध, हाफटाइमनंतर त्याला बाहेर बसवला. टीम १६-१४ अशी कशीबशी जिंकली. माझ्या शेजारचा म्हातारा, लाल टोपी घातलेला, हॉट डॉग खात खात त्या पोराला असा शिव्या घालत होता की जणू त्यानं घरात चोरी केलीय. पण बघा, विल्सनच्या वेळी ऑफेन्स, म्हणजे हल्ल्याची बाजू, चालवणारा कोच पॉल क्रिस्ट पिट्सबर्गला निघून गेलेला, क्वार्टरबॅकच्या पुढं लाइनमध्ये भिंतीसारखे उभे राहणारे झाइटलर आणि कॉन्झ एनएफएलला, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल लीगला गेलेले, आणि दुसऱ्या मॅचनंतर लाइनच्या कोचलाच काढून टाकला. हे कुणी मोजतच नव्हतं, मीपण नाही. आम्ही मोजत होतो ते फक्त हा विल्सनसारखा का फेकत नाही.

हां तर मटण.

पहिल्या रविवारी गेलो तर बाहेर पंधरा-वीस लोकं उभी, अर्धा तास थांबलो. तांबडा आला तो पातळ, रंग एकदम झकास पण घशाशी काहीच नाही. पांढरा फाटलेला, वर चोथा तरंगतोय. सुकं जरा कडकच. भाकरी मात्र पहिल्यापासून एक नंबर, ती करणारी मावशी जुनीच आहे, तिला फ्लेक्सवर घातली नाही. शेजारच्या टेबलावर उद्यमबागेतली फर्स्ट शिफ्टची पोरं होती, त्यातला एक म्हणाला, "फ्लेक्सवरच चांगला होता बा हा." सगळं टेबल हसलं, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू.

हात धुवायचं बेसिन किचनच्या खिडकीला लागून आहे. आत मामा उभे होते, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, एका शेगडीवर दोन माणसांचं काम चाललेलं. मी म्हटलं, "मामा, निपाणीसारखा नाही आला की रस्सा."

रागावले नाहीत. म्हणाले, "निपाणीत चूल होती, इथं ग्यास हाय. चटणी मालकांनी आणलेली, नुसती ब्याडगी. रंग येतोय, तिखट कुठनं येणार? संकेश्वरी सांगिटलोय, आली की या."

बेळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी लिहितो, ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी झणक्याला, दोन्ही डंकावर एकत्र कुटून घेतल्याशिवाय तांबडा हा तांबडा होत नाही. म्हणजे मालकांनी क्वार्टरबॅक आणला आणि लाइन आणलीच नाही.

मला त्यावेळी जो बरो आठवला. हापण क्वार्टरबॅकच, ओहायो स्टेटमध्ये डिग्री करून २०१८ ला एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला आला, पहिल्या वर्षी १६ टचडाऊन पास, ठीकठाक, कुणी डोक्यावर घेतला नाही. पुढच्या वर्षी जो ब्रेडी नावाचा कोच एनएफएलच्या सेंट्स टीमकडून आला, पासिंगची पद्धतच बदलली, आणि त्याच पोरानं ६० मारले, हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूची ट्रॉफी घेतली, पंधरापैकी पंधरा मॅच जिंकल्या. माणूस तोच होता की.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणतो एवढं अमेरिकेला कशाला जातोस, करुण नायर बघ. आपल्या कर्नाटकनं सोडल्यावर विदर्भाकडं गेला आणि २०२४-२५ च्या रणजी फायनलला केरळविरुद्ध ८६ आणि १३५. बरोबर आहे, पण विदर्भाची टीम आधीच दोनदा रणजी जिंकलेली होती, हे तो सांगत नाही.

मग तीन-चार आठवडे गेलो नाही. परत गेलो ते एका शनिवारी रात्री, कारण तिकडची दुपारची मॅच आपल्याकडं साडेनऊ-साडेदहाला सुरू होते, मोबाइल ग्लासाला टेकवून बघत बसायचं. गर्दी निम्म्यावर आलेली. तांबडा आला, वर बोटभर लाल कट, वाटी हलवली तर खालून सुकं खोबरं आणि तिळाचा दाटपणा. भाकरीचा पापुद्रा बुडवला आणि दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. पांढरा गुळगुळीत, मिरीचा वास, अजिबात फाटलेला नाही. मटण बोटानं तुटतंय. मामा खिडकीतनं बघत होते, मी नुसता हात वर केला. पण ती उद्यमबागेची पोरं काय परत दिसली नाहीत, त्यांचा निकाल पहिल्या रविवारीच लागलेला.

विल हॉवर्ड या क्वार्टरबॅकचंपण असंच. कॅन्सस स्टेटहून ओहायो स्टेटला आला, नोव्हेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरला तेव्हा लोकं त्याला आणि कोचला दोघांना हाकलायला निघालेली. मग प्लेऑफच्या सलग तीन मॅच जिंकून जानेवारीत फायनलला नोत्र दामला ३४-२३ हरवला, मी सकाळी सहाला चहा घेऊन बघितलीय ती फायनल. समोरचा क्वार्टरबॅक रायली लेनर्डपण ड्यूकहून आलेलाच. आता २०२१ पासून सगळ्यांनाच न बसता बदलता येतंय त्यामुळं डिग्रीवाल्यांचं कौतुक राहिलं नाही, प्रत्येक टीमचा दरवर्षी नवीन फ्लेक्स.

बाकी खानावळीचं. मटण ताट २८०, भाकऱ्या दोन, रस्सा परत मागितला तर घालतात, तोंड वाकडं करत नाहीत. सोलकढी घेऊ नका, पाणचट आहे. पंखा एकच चालतो, त्याच्याखालचं टेबल धरा. गाडी लावायला जागा नाही, रस्ता तुंबला की जेवताना हॉर्न ऐकत बसायचं. बिलाला उशीर, कारण मालक गल्ल्यावर कमी आणि बाहेर फ्लेक्सजवळ जास्त उभे असतात. पहिल्या रविवारी मी दोन स्टार देणार होतो, आता चार देतो, पाचवा त्या मावशीचा फोटो लागला की.

मंगळवारी, गुरुवारी मटण नसतं. रविवारी दीडच्या आत जावा, नंतर पांढरा संपतोय. आणि पाडव्याच्या आधी जावा.