डाव्या फूटरेस्टचे रबर: स्पितीच्या सहलीनंतर नऊ महिन्यांनी

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आम्ही उभयतांनी स्पितीची नऊ दिवसांची मोटरसायकल सहल केली. पुढे वाटाड्या, मागून मेकॅनिकसह पिकअप, मधे सात गाड्या, आणि मुक्कामापासून पेट्रोलपर्यंतची सगळी व्यवस्था कंपनीकडे. परतल्यावर तिसऱ्याच दिवशी, जॅकेटमधली धूळ पुरती झटकलीही नव्हती तेव्हा, मी त्या सहलीला पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले. आज त्यातला दीड तारा परत घेत आहे. आमची दहा हजारांची अनामत रक्कम सात महिन्यांनी परत आली ती ४५० रुपये कापून, आणि कपातीच्या रकान्यात लिहिले होते : ‘मागील डावे फूटरेस्ट, रबर गहाळ.’ उशीर मी पोटात घातला असता. हे कारण मात्र मला पचलेले नाही, कारण ते रबर नसलेल्या फूटरेस्टवर शिमल्यापासून मनालीपर्यंत माझाच पाय होता.

या सहलीत मी एकदाही हँडल हातात धरले नाही, त्यामुळे हा अनुभव मागच्या सीटवरचा आहे. चालवणाऱ्यांचे अभिप्राय ढिगाने मिळतात आणि गाडीचीही माहिती सर्वांना आहे, म्हणून तिच्या तपशिलात शिरत नाही. या मार्गावर दर दुसऱ्या पर्यटकाकडे जी दिसते तीच आम्हाला मिळाली होती. मागे बसणारीकडून कंपनी तेव्हा चालकाच्या शुल्काच्या सत्तर टक्के घेत होती. खोली दोघांत एक, गाडी दोघांत एक, इंधन साधारण तेवढेच. तेव्हा त्या सत्तर टक्क्यांत माझ्या वाट्याला स्वतंत्रपणे काय येते, याचा हिशेब मी पहिल्याच रात्री मांडला होता. सीटचा मागचा अर्धा भाग, धरायला एक कडी आणि पाय ठेवायला दोन दांड्या. त्यांपैकी एका दांडीवर रबर नव्हते.

ही तक्रार क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून ते रबर काय काम करते ते सांगते. रस्ता चांगला असतो तोवर मागे बसणाऱ्याचे वजन सीटवर असते, पण डांबर संपले की ते पायांवर घ्यावे लागते. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, त्यामुळे तो आधीच सावरून किंचित उठतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, तो पुढच्याच्या खांद्यांवरून ओळखावा लागतो आणि त्या अर्ध्या क्षणात दोन्ही फूटरेस्टवर भार देऊन सीटवरून उठावे लागते. रबर असेल तर इंजिनाची थरथर बरीचशी त्यातच मुरते आणि ओल्या बुटाचा तळही धरून राहतो. नसेल तर थरथर टाचेतून गुडघ्यापर्यंत चढते आणि पाय ओला झाला की गुळगुळीत लोखंडावरून पुढे निसटतो. दिवसाला सहा ते आठ तास याप्रमाणे नऊ दिवस. नाकोच्या मुक्कामाला पोहोचलो त्या संध्याकाळी माझ्या डाव्या पायाची करंगळी जागेवर आहे की नाही हे मला पाहून खात्री करावी लागली.

गाडी ताब्यात घेताना हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, याचे उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडले. हस्तांतराच्या कागदावर ब्रेक, क्लच, साखळी, टायर, दिवे, आरसे असे वीस-एक रकाने होते. चालकाच्या पाठीमागे सुरू होणाऱ्या कोणत्याही वस्तूसाठी त्यात जागा नव्हती. छायाचित्रे चारही बाजूंनी काढली होती, पण मागचे फूटरेस्ट घडीचे असते आणि कोणी बसलेले नसताना ते वर दुमडलेले असते. दुमडलेल्या फूटरेस्टची दिसते ती खालची बाजू. रबर आहे की नाही हे त्या चित्रात दिसूच शकत नाही, आणि कंपनी पुरावा म्हणून आजही तेच चित्र दाखवते.

सहलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण साडेतीन तारे मी उगाच ठेवलेले नाहीत. कार्यक्रम पाहून माझा पहिला आक्षेप लागणाऱ्या वेळेबद्दल होता. मनालीहून अटल बोगद्यातून थेट स्पितीतल्या काझाला जाता येत असताना शिमल्याकडून नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असा लांबचा फेरा आणि कल्पाला तर चक्क दोन रात्री, म्हणजे मुक्कामांची संख्या फुगवून पैसे काढण्याची युक्ती आहे, असे मी पतींना बोलूनही दाखवले होते. ते मत काझाला पोहोचेपर्यंत बदलले. नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर, कल्पा तीन हजारांच्या जरा खाली, नाको साडेतीन हजारांच्या वर, ताबो पुन्हा थोडे खाली. शरीराला विरळ हवेची सवय होत जाईल अशीच ही चढण आहे. काझाच्या आमच्या निवासात मनालीहून एका दिवसात कुंझुम खिंड ओलांडून आलेले एक जोडपे होते. दोघांनाही उलट्या होत होत्या, डोके उचलवत नव्हते, आणि त्यांची सहल तिथेच आटोपली. आम्ही त्या दिवशी लांगझा, हिक्किम, कॉमिक असे ४,४०० मीटरच्या वर जाऊन रात्री झोपायला काझाला खाली उतरलो होतो. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून, जे १९८३पासून तिथे आहे, मी स्वतःलाच पत्र टाकले आणि त्यात एकच ओळ लिहिली : ‘कल्पाच्या दोन रात्रींचे पैसे वसूल.’ पत्र पोहोचले. अनामत रकमेच्या आधी पोहोचले.

वाटाड्याबद्दलही मला कौतुकच आहे. हा मनुष्य कमी बोलत असे आणि छायाचित्रांसाठी कुठे थांबायचे यापेक्षा कुठे थांबायचे नाही हे त्याला अधिक पक्के ठाऊक होते. किन्नौरमध्ये दरड कोसळण्याच्या जागी हसत उभ्या असलेल्या आमच्यातल्या दोघांना त्याने ज्या स्वरात गाडीवर बसायला लावले, तो स्वर मी अजून विसरलेले नाही. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथे तो थांबला, ताबोच्या मठासाठी त्याने आम्हाला पुरता अर्धा दिवस दिला. इ. स. ९९६मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून मातीच्या साध्या इमारतींचा समूह दिसतो आणि आत अंधारात भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, त्यामुळे सगळे जण नाइलाजाने का होईना नीट पाहतात. मीही पाहिले, उजव्या पायावर भार देऊन.

देखाव्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. कच्च्या रस्त्यावर चालवणाऱ्याला समोरची दहा-पंधरा मीटर दगडमाती सोडून फारसे काही दिसत नाही. धनकरच्या खालचे मातीचे सुळके, पिन आणि स्पिती या नद्यांचा संगम, करड्या वाळूत वेण्यांसारखे फाटत जाणारे नदीचे प्रवाह, हे सगळे मी पाहिले आणि पतींनी रात्री माझ्या फोनवर पाहिले. या हिशेबाने सत्तर टक्के शुल्क कमीच म्हणावे लागेल, पण हा मुद्दा मी कंपनीला कळवलेला नाही.

गाडीचा मागचा शॉक अब्सॉर्बर एकट्या चालकाच्या वजनाला बसवलेला होता. पहिल्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू टेकत होती, पुढचे चाक हलके वाटत होते आणि संध्याकाळी दिव्याचा झोत रस्त्याऐवजी देवदारांच्या शेंड्यांवर पडत होता. कल्पाला मेकॅनिकने पाना लावून पाच मिनिटांत स्प्रिंग आवळली आणि गाडी वेगळीच झाली. दोघांसाठी म्हणून विकलेल्या सहलीत हे शिमल्यालाच व्हायला हवे होते. तक्रार करायची तर याची करायला हवी होती, असे पतींचे म्हणणे आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहेत. परंतु स्प्रिंगचे पैसे माझ्याकडून कोणी कापलेले नाहीत.

रबराचे मी मेकॅनिकला काझाला सांगितले. त्याच्याकडे क्लचची तार, ब्रेकचे पॅड, ट्यूब, साखळीचे दुवे असे सगळे होते, फक्त ते रबर नव्हते. कारण ते कधी मोडत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून फूटरेस्टला तीन वेढे दिले आणि वरून तार आवळली. ही व्यवस्था उत्तम चालली. कुंझुमच्या चढावर इंजिनाची दमछाक होत होती, आणि ते साहजिक होते : साडेचार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो, फ्युएल इंजेक्शन त्या हवेला बेताचेच पेट्रोल देते, पण नसलेली हवा आणून देऊ शकत नाही. वळणावळणाला पहिला गियर, दोन माणसे, सामान, आणि माझा डावा पाय नऊ दिवसांत प्रथमच शांत. त्या चढावर मी मनातल्या मनात पाचवा तारा दिला होता.

चंद्रताल सरोवराजवळच्या तळावरून शेवटच्या दिवशी पहाटे निघालो. बातल ते ग्राम्फू हा पट्टा दगडगोट्यांचा आहे आणि त्यावर जागोजागी नाले आडवे येतात. वरचे बर्फ दुपारी वितळते तसे त्यांचे पाणी चढते, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे असतात. वाटाड्या प्रत्येक मोठ्या नाल्याशी आधी स्वतः पाण्यात उतरून तळ चाचपडत असे, मग मागे बसणाऱ्यांना उतरवून एकेक गाडी पहिल्या गियरमध्ये, थ्रॉटल न सोडता, नजर पलीकडच्या काठावर ठेवून काढायला लावत असे. आम्ही उतरलेल्या बायका दगडांवरून, आणि दगड संपले की पाण्यातूनच, पलीकडे जात होतो. छत्रूच्या अलीकडे एका लहान नाल्यात मात्र उतरवण्याची गरज नाही असे ठरले. मधोमध चाक दगडावरून घसरले, मी सवयीने डाव्या पायावर भार दिला, ट्यूबचे वेढे तारेतून सुटले आणि माझा पाय मांडीपर्यंत पाण्यात. गाडी पतींनी सावरली. ट्यूबचा तुकडा चंद्रा नदीकडे गेला. मनालीत गाडी परत देताना फूटरेस्ट पुन्हा उघडेच होते आणि नोंद करणाऱ्याने, या वेळी, ते खाली पाडून पाहिले.

यानंतर सात महिन्यांत माझे अकरा ई-मेल आणि कंपनीची चार उत्तरे झाली. पुरावा माझ्याकडे होता. पहिल्या दिवशी नारकंड्याजवळ सफरचंदांच्या पेट्यांचे मी एक छायाचित्र काढले होते आणि मागे आमची गाडी उभी आहे. मी नुकतीच उतरलेली असल्यामुळे डावे फूटरेस्ट खाली आहे आणि मोठे करून पाहिले असता त्याचे लोखंड चकाकते आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील नियम १२३ही मी उद्धृत केला. मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटरसायकलला धरण्यासाठी कायम कडी, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाच्या किमान निम्म्या भागाला आच्छादन असलेच पाहिजे, असे तो सांगतो. नियमात रबराचा उल्लेख नाही, हे कंपनीने तिसऱ्या उत्तरात निदर्शनास आणले. खरे आहे, नाही. परंतु जी वस्तू नियमाने आवश्यक नाही तिचे ४५० रुपये कसे होतात, या माझ्या प्रश्नाला चौथ्या उत्तरात बगल दिली गेली. जिज्ञासेपोटी मी एका सुट्या भागांच्या दुकानात चौकशी केली. जोडी १६० रुपयांना मिळाली. घेऊन ठेवली आहे, आणि तेव्हापासूनच्या दोन्ही भाड्याच्या गाड्यांवर बसण्याआधी मी फूटरेस्ट पाडून पाहिले. दोन्हींना रबर होते, त्यामुळे माझी जोडी अजून वापरायची आहे.

इथवर लिहून झाले आणि काल पाचवे उत्तर आले. ४५० रुपये ‘सदिच्छा म्हणून’ परत केले आहेत. रक्कम खात्यात जमा झाल्याचे मी पाहिले. याने अर्धा तारा परत द्यावा असे पतींचे मत पडले आणि मी तो देणारही होते, पण सदिच्छा म्हणजे चूक आमची नव्हे, मन मात्र आमचे मोठे, असाच त्या शब्दाचा अर्थ होतो. तारे साडेतीनच राहतील.

त्याच उत्तरासोबत पुढच्या हंगामाचे पत्रक जोडलेले होते. लडाखची बारा दिवसांची सहल आहे, वाटाड्या तोच आहे आणि मागे बसणाऱ्याचे शुल्क आता पंचाहत्तर टक्के झाले आहे. पतींनी नाव नोंदवण्याविषयी विचारले. मी कंपनीला एक ओळीचे पत्र पाठवले आहे : कृपया आम्हाला मिळणाऱ्या गाडीचे, मागची दोन्ही फूटरेस्ट खाली पाडलेल्या स्थितीतील, छायाचित्र पाठवावे.