मिशनकडे निघणाऱ्या ब्रदरांना उमेद कशी द्यावी : निरोपाचा सोहळा की मागाहून जाणारी पत्रे?

तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा झाला की पुण्याच्या ज्ञानदीप संस्थेतून किंवा नाशिकच्या दिव्यदान संस्थेतून तरुण ब्रदर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे व्रतस्थ तरुण, बाहेर पडतात आणि ईशज्ञानाच्या (धर्मशास्त्राच्या) अभ्यासाला बसण्याआधी साधारण दोन वर्षे एखाद्या शाळेत, वसतिगृहात किंवा आडवळणाच्या मिशनमध्ये राहून काम करतात. येशूसंघीय (जेझुइट) या काळाला रेजन्सी म्हणतात, तर सालेशियन हा दुसरा धर्मसंघ प्रात्यक्षिक प्रशिक्षण म्हणतो. ज्या धर्मग्रामातून, म्हणजे एका चर्चच्या परिसरातून, असा मुलगा गेलेला असतो, तिथल्या पॅरिश कौन्सिलपुढे (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढे) दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो : त्याला उमेद द्यायची आहे, पण हाताशी असलेला वेळ, पैसा आणि माणसे कोठे लावायची? एक मार्ग निरोपाच्या सोहळ्याचा आहे आणि दुसरा तो गेल्यानंतर त्याच्याशी संबंध टिकवण्याचा. दोन्ही मार्गांना चर्चच्या इतिहासात मोठा आधार असल्यामुळे त्यांची तुलना तिथूनच सुरू करणे योग्य ठरेल.

सोहळ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण सालेशियन संघाचे संस्थापक संत जॉन बॉस्को यांचे आहे. ११ नोव्हेंबर १८७५ रोजी इटलीतील तुरिन येथील मरियामातेच्या महामंदिरात त्यांनी जोव्हान्नी काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली दहा सालेशियनांना अर्जेंटिनाला पाठवले. त्या संध्याकाळी प्रार्थना झाली, प्रवचन झाले, प्रत्येकाला आलिंगन देऊन निरोप देण्यात आला आणि प्रत्येकाच्या हाती वीस सूचनांची लिखित यादी पडली. पैसा, मानमरातब व पदव्या यांच्यामागे न लागता आत्म्यांचा शोध घ्या, ही त्यांतली पहिली सूचना होती. आजारी, मुले, वृद्ध आणि गरीब यांची विशेष काळजी घेण्याविषयीही त्या यादीत सांगितलेले होते. अशा सोहळ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आपण एकटे निघालेलो नसून आपल्याला एका समुदायाने पाठवले आहे, ही जाणीव जाणाऱ्याला त्यातून होते. वेदीपासच्या रांगेत उभी असलेली लहान मुलेही ते दृश्य पाहतात, आणि पुढच्या पिढीच्या पाचारणाची, म्हणजे धर्मसेवेच्या हाकेची, बीजे अनेकदा तिथेच पडतात.

मर्यादा वेळेची आहे. सोहळा होतो त्या दिवशी ब्रदर मुळीच खचलेला नसतो. त्याच्या मनात उत्साह असतो आणि घरचे लोक सोबत असतात. त्याला खरी गरज भासते ती ऑगस्टमध्ये, जेव्हा पाऊस थांबत नाही, वसतिगृहातली निम्मी मुले तापाने पडलेली असतात, ज्यांच्यात राहायचे त्यांची बोली अजून कानाला लागलेली नसते आणि पुण्यात शिकलेले कांट किंवा अक्वायनस यांसारखे तत्त्वज्ञ कोणत्याच प्रसंगी उपयोगी पडत नाहीत. मे महिन्यातला हार तोवर केव्हाच सुकलेला असतो.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण संत फ्रान्सिस झेवियर यांचे. १५४० च्या मार्चमध्ये त्यांचे सोबती बोबाडिया आजारी पडल्यामुळे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी ऐनवेळी झेवियरना हिंदुस्थानला जाण्यास सांगितले आणि एक-दोन दिवसांतच त्यांनी रोम सोडले. पॅरिसच्या विद्यापीठात घडलेल्या या माणसाच्या वाट्याला निरोपाचा थाट आला नाही. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. पुढे १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटाहून रोममधल्या सोबत्यांना लिहिताना त्यांनी कळवले, की तुमच्या पत्रांतून तुमच्या हस्ताक्षरातली नावे कापून घेऊन ती मी माझ्या व्रतांच्या कागदासोबत जवळ बाळगतो. मला या एका ओळीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिसते.

उरलेले अर्धे उत्तर झेवियर यांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांत आहे. १५४४ मध्ये दक्षिणेच्या मोती-किनाऱ्यावर परवर कोळ्यांमध्ये त्यांचे सोबती फ्रान्सिस्को मान्सिल्याश काम करत होते. त्यांना तोवर गुरुदीक्षाही मिळालेली नव्हती, म्हणजे ते धर्मगुरू झालेले नव्हते. झेवियर त्याच किनाऱ्यावर गावोगाव फिरत असूनही त्यांना वारंवार छोटी पत्रे पाठवत राहिले. लोकांशी धीराने आणि प्रेमाने वागा, तिकडची खबर सविस्तर कळवा, अमुक काम तेवढे पाहा, असा त्यांचा साधा मजकूर आहे. मोठी प्रवचने त्यांत नाहीत, आणि म्हणूनच ती आजच्या पॅरिश कौन्सिलला नमुना म्हणून उपयोगी पडतात.

तरीही पत्रांची बाजू एकांगी मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अंबोइना ज्यांत येते त्या मोलुक्का बेटांवर येण्याचा झेवियर यांचा आदेश मान्सिल्याश यांनी पाळला नाही आणि अखेर त्यांना येशूसंघातून वगळण्यात आले. पत्राने सोबत होते. मनुष्याचा निर्णय मात्र त्याचाच राहतो. शिवाय पत्रांचा मार्ग चिकाटी मागतो. सोहळ्याला वीस माणसे सहज पुढे येतात. दोन वर्षे दर महिन्याला लिहिण्यासाठी दोन मिळणेही अवघड जाते. खुद्द जॉन बॉस्को सोहळ्यावर थांबले नव्हते. तुरिनच्या त्या संध्याकाळनंतर दहा वर्षांनी, १० ऑगस्ट १८८५ रोजी, त्यांनी अर्जेंटिनातले सालेशियन कोस्तामान्या यांना मुलांशी प्रेमाने व धीराने वागण्याविषयी पत्र लिहिले होते.

भाषेचा विचार या दोन्ही मार्गांत बहुधा राहून जातो, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो टाळता येणार नाही. झारखंड किंवा तामिळनाडूहून आलेला ब्रदर पालघरच्या आदिवासी पाड्यावर जातो, तेव्हा त्याला लागणारी पहिली मदत भाषेची असते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स सुमारे चाळीस वर्षे प्रामुख्याने गोव्याच्या साष्टी भागात राहिले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापले गेले. ती भाषा त्यांना लोकांच्या संगतीशिवाय आली असेल, असे मला वाटत नाही. म्हणून आपल्याकडे बाहेरून आलेल्या ब्रदराला आठवड्यातून एक संध्याकाळ घरी जेवायला बोलावून त्याच्याशी मराठीत किंवा गावच्या बोलीत बोलणारे कुटुंब हेही उमेद देण्याचेच काम करते, आणि त्याला खर्च जवळजवळ येत नाही.

ज्या धर्मग्रामाला दोन्ही गोष्टी नीट करणे शक्य आहे, त्याने दोन्ही कराव्यात. एकच निवडायची असेल, तर सोहळा रविवारच्या मिस्सातल्या (चर्चमधल्या उपासनेतल्या) आशीर्वादापुरता ठेवावा आणि बाकीचे बळ पुढच्या दोन वर्षांसाठी राखावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोपाच्या दिवशीच पत्रांची जबाबदारी दोन व्यक्तींवर सोपवावी, शक्यतो एक वडीलधारी आणि एक ब्रदराच्या वयाची. पत्रात उपदेश कमी असावा आणि गावची खबर जास्त : विहिरीचे पाणी, क्रिकेटचा संघ, कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे. मोबाईलवरचा निरोप लवकर पोहोचतो आणि तोही जरूर पाठवावा, पण निदान पहिले पत्र कागदावर असावे, आणि त्याच्याखाली कौन्सिलच्या प्रत्येक सदस्याने आपापल्या हाताने सही करावी, म्हणजे त्याला ती नावे कापून जवळ ठेवता येतील.