आयव्हीचा प्रॅक्टिस आर्म, सहा महिने रोज वापरून

सिम्युलेशन लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे मी. नर्सिंगची मुलं यायच्या आत सगळं मांडायचं आणि ती गेली की धुवून सुकवून परत ठेवायचं, हे माझं काम, त्यामुळे आयव्ही म्हणजे सलाईनची सुई लावायचा सराव करायच्या या नकली हाताचं, आर्मचं, आतबाहेर सगळं बघून झालंय.

आधी चांगलं सांगते. शीर बोटाखाली खरंच लागते, दाबली की परत वर येते. लाल पाण्याची पिशवी वर टांगली आणि कॅन्युला (सुईबरोबर शिरेत जाणारी बारीक नळी) नीट बसली की फ्लॅशबॅक, म्हणजे तिच्यात मागे येणारं लाल पाणी, एकदम स्वच्छ दिसतो, आणि पहिल्यांदा तो दिसल्यावर मुलांचे चेहरे जे खुलतात ना, त्यासाठी हे काम आवडतं मला.

आता मुख्य तक्रार. वरची नकली कातडी म्हणजे स्किन चढवताना मनगटापाशी आतली ट्यूब (हीच आर्मची शीर) मुडपते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. एका बॅचला एका मुलीने तीनदा टोचलं, तिन्ही वेळा अँगल बरोबर होता पण फ्लॅशबॅक नाही, ती रडवेली झाली, मॅडमनी पण तिला पुन्हा टेक्निक समजावलं, आणि नंतर मी स्किन काढून बघते तर ट्यूबच दुमडलेली. चूक आर्मची आणि बोल त्या पोरीला, हे मला फार लागलं. तेव्हापासून बॅच आत यायच्या आधी प्रत्येक शिरेत मी स्वतः एकदा टोचून बघते, पाच मिनिटं जातात पण जाऊ देत.

लीकचं म्हणाल तर सगळे कोपराच्या खळगीतच टोचतात, तिथली शीर आधी जाते. हाताच्या मागच्या बाजूलाही टोचायला लावा आणि शक्यतो २२ गेजची बारीक सुई द्या, १८ ची सुई जाड, भोकं मोठी पडतात. बॉलपेनचा डाग स्किनवरून निघत नाही, खाली पेपर अंथरला तर छापलेली अक्षरं उमटतात, बेटाडीन तर नकोच, पुसायची सवय लागावी म्हणून आम्ही साध्या पाण्याचा बोळा देतो. वापरून झालं की साधं पाणी सोडा आणि सिरिंजने हवा मारून ट्यूब कोरडी करा, ओली राहिली तर बुरशी धरते.

अजून एक, सोबत आलेल्या फ्लुइडवर ‘फक्त सरावासाठी’ हे इतकं बारीक छापलंय की दिसतच नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत सरावाचं सलाईन खऱ्या पेशंटना लावलं गेलं होतं, माणसं आजारी पडली होती, तेव्हा हे लेबल मोठंच हवं. मी लाल मार्करने लिहून चिकटवते आणि वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवते.

पाचपैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर एक जादा स्किन आणि शिरांचे दोन सेट त्याच ऑर्डरमध्ये मागवा, नंतर मागवले की येईपर्यंत बॅचेस अडकतात.