डाकोटाला ब्रशलेस मोटरी: आठ महिन्यांचा अनुभव

मिरग लागायच्या आत लिहून टाकतो, मग वावरातून सवड मिळत नाही.

माझं डाकोटा म्हणजे त्या जुन्या दोन इंजिनांच्या विमानाचं 72 इंची पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं रेडिओ कंट्रोल मॉडेल, खऱ्याच्या साधारण सोळाव्या हिश्शाचं. आजोबा नागपूरला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. 1949 मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची आणि थैल्या बदलून परत जायची. आजोबांकडून हे ऐकत वाढलो, म्हणून मॉडेल घ्यायचं तर डाकोटाच.

आधी त्यात दोन ग्लो इंजिनं, म्हणजे इंधनावर चालणारी छोटी इंजिनं होती. मिथेनॉल-नायट्रोचं इंधन आमच्या भागात मिळत नाही, आणि दोन्ही इंजिनं एका सुरात लावता लावता सकाळ जायची. हवेत एक बंद पडलं की विमान त्याच बाजूला वळतं आणि वेग कमी असेल तर पंख खाली टाकतं. असं दोनदा झालं. दसऱ्याला शेवटी ती काढली आणि ब्रशलेस म्हणजे विजेवरच्या, कार्बन ब्रश नसलेल्या मोटरी, 4 सेलची 5000 एमएएच बॅटरी, 10 इंची तीन पात्यांचे पंखे बसवले.

मला वाटलं होतं, इंजिन काढलं, मोटर लावली, झालं. तसं नसतं. मोटर इंजिनाच्या जवळपास निम्म्या वजनाची, त्यामुळे शेपूट जड झालं. बॅटरी थेट नाकात सरकवली तेव्हा कुठे सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा गुरुत्वमध्य, जागेवर आला, आणि त्यासाठी पुढचं एक लाकडी फॉर्मर, म्हणजे धडाची आडवी चौकट, कापावं लागलं. खऱ्या विमानाचंही असंच आहे. अमेरिकेत ओशकोशला जुन्या डाकोटांना पीटी6 टर्बोप्रॉप इंजिनं आणि पाच पात्यांचे पंखे लावून बीटी-67 नावाचं विमान करतात, तेव्हा पंखांच्या पुढे धड सुमारे एक मीटरनं वाढवतात. ती विमानं आज अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरतात. नाक कापताना मला त्या एका मीटरचा मोठा धीर होता.

खऱ्या डाकोटाचे दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात. मी मुद्दाम उलटसुलट ठेवले, कारण तलावाच्या पाळीजवळची आमची मुरमाची धावपट्टी अरुंद आहे, तिथे विमान एका बाजूला ओढलेलं चालत नाही. मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. पण पंखाही उलट्या पात्याचा लागतो. विक्रेत्यानं दोन्ही एकाच दिशेचे पाठवले, बदलून घ्यायला तीन आठवडे गेले. आता धाव सरळ रेषेत जाते. या एका गोष्टीसाठी सगळा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पारा 44 वर, आणि डावा स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, तापून हवेतच बंद पडला. विमान तुरीच्या खुंटांत उतरलं, चाकाचा पाय वाकला. बांधावरून काका ओरडले, "काहून बे, पुन्हा एकच बंद पडलं काय?" चूक माझी होती. काउलमध्ये, म्हणजे मोटरवरच्या झाकणात, हवा शिरायला जागा होती, निघायला नव्हती. आता मागचं भोक पुढच्याच्या दुप्पट केलं आहे. तेव्हापासून तक्रार नाही, तरी मे महिन्यात मी सकाळी आठनंतर उडवत नाही. तापलेली हवा विरळ असते, धाव लांबते, बॅटरीही फुगते.

उड्डाण सात मिनिटांचं, आधी अकरा-बारा व्हायचं. चार्जिंग ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरून, त्यामुळे लाइट नसली तरी अडत नाही. पोट्टे मात्र अजून विचारतात, आवाज कुठे गेला. मलाही त्याचं मनापासून वाईट वाटतं. ती दोन इंजिनं तेल लावून पेटीत जपून ठेवली आहेत.

पावसाळ्यात उडवणं बंद. बॅटऱ्या प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून, माठाजवळच्या गार कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत.