पित्ताच्या खड्यांचं पॅकेज: ऑपरेशन चांगलं, पण बायोप्सी?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पॅकेज आता तालुक्याच्या गावीही मिळतं. चार छोटी छिद्रं, एक-दोन दिवसांचा मुक्काम. या भागाला पाचपैकी साडेचार गुण. पुढच्या कामाला मात्र दोनच, कारण बऱ्याच पॅकेजमध्ये बायोप्सी, म्हणजे काढलेल्या पित्ताशयाची लॅबमधली सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, धरलेली नसते. खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात आणि पित्ताशय कचऱ्यात जातं. हे फार चुकीचं आहे.

खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित कर्करोग निघतो. उत्तर प्रदेश, बिहार, आसामकडे त्याचं प्रमाण महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. सोनोग्राफीत तो खड्यांच्या सावलीत किंवा सुजून जाड झालेल्या भिंतीत लपतो.

म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा: बायोप्सीचा खर्च यात आहे का? पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढणार का? ते फाटून पित्त सांडलं आणि आत कर्करोग असला, तर त्याच्या पेशी पोटात किंवा छिद्राच्या जागी रुजू शकतात. पित्त सांडलं असेल तर तशी नोंद ऑपरेशन नोटमध्ये हवीच.

नमुना 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारं रसायन), त्याच्या दहापट द्रावणात ठेवायचा. न चिरता बुडवला तर आतल्या पित्तानं अस्तर खराब होतं आणि नेमकं तेच तर तपासायचं असतं. सलाइनमध्ये पाठवलेला नमुना वायाच जातो.

रिपोर्टमध्ये कर्करोग आला तर तो किती खोल गेलाय आणि सिस्टिक डक्टचं (पित्ताशयाच्या नळीचं) कापलेलं टोक स्वच्छ, म्हणजे कर्करोगमुक्त, आहे का, हे आधी वाचा. टी1ए, म्हणजे स्नायूच्या थरापर्यंत न पोचलेला, आणि टोक स्वच्छ, तर झालेलं ऑपरेशन सहसा पुरतं. टी1बीपासून (स्नायूच्या थरात शिरलेला) पुढे सीटी स्कॅन करून, रोग पसरलेला नसेल तर दुसरं ऑपरेशन लागतं: पित्ताशयालगतचा यकृताचा भाग आणि भोवतालच्या लसिका ग्रंथी, किमान 6. हे साधारण 4 ते 8 आठवड्यांत व्हावं. रिपोर्ट महिनाभर लॅबमध्ये पडून राहिला तर तो वेळ हातचा जातो. टाके दाखवायला जाल तेव्हाच मागा.

मुंबईच्या टाटासारख्या ठिकाणी जाताना कागदी रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेले नमुन्याचे तुकडे) लॅबकडून घेऊन जा.