रिफ्रेशर, पीएचडी की आपलाच वर्ग? प्राध्यापकांवर खर्च कुठे करावा

निधी तुटपुंजा आणि कर्तव्य रजा द्यायची तर तासिका कोण घेणार हा प्रश्न, ही बहुतेक प्राचार्यांची अडचण. म्हणून आधी ठरवा, सुधारायचं काय आहे: नॅक (कॉलेजची गुणवत्ता-श्रेणी), एनआयआरएफ (केंद्राची राष्ट्रीय क्रमवारी), की वर्गातलं शिकवणं?

रिफ्रेशर, ओरिएंटेशन, म्हणजे शिक्षकांचे छोटे प्रशिक्षण कोर्स, सगळ्यात सोपं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार कॅसच्या, म्हणजे कायम प्राध्यापकांच्या टप्प्याटप्प्याच्या, बढतीसाठी ते लागतंच, त्यामुळे कुणाला आग्रह करावा लागत नाही. हे कोर्स घेणारी जुनी एचआरडीसी केंद्रं 2023पासून मालवीय मिशन या शिक्षक-प्रशिक्षण योजनेखाली आली आणि बरेच कोर्स ऑनलाइन झाले. कॉलेजचा खर्च नगण्य. आजवरच्या नॅक पद्धतीत 6.3 या निकषाखाली अशा प्रमाणपत्रांची मोजदादही होते. पण कॅमेरा बंद, मागे चहा आणि सत्र संपताना फीडबॅक फॉर्मची लिंक, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय एनआयआरएफमध्ये रिफ्रेशरला स्वतंत्र गुण नाहीत.

एनआयआरएफमध्ये पीएचडी चालते. विद्यापीठ गटात अध्यापन-संसाधनांना 30 टक्के भार आहे आणि त्यात शिक्षकांची पीएचडी व अनुभव धरतात. संशोधनाला आणखी 30. मात्र यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान 3 वर्षं लागतात. फळ उशिरा मिळतं, आणि पदवी हातात आल्यावर माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. शोधनिबंधांची नुसती संख्या मागितलीत, तर पैसे घेऊन छापणारी जर्नल्स तयारच बसलेली असतात.

एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, हा मधला मार्ग: बहुतेक 8 किंवा 12 आठवडे, शेवटी देखरेखीखाली परीक्षा. विषय पक्का होतो, शिकवण्याची रीत फारशी बदलत नाही.

माझं मत चौथ्या पर्यायाकडे झुकतं. दोन सहकाऱ्यांनी एकमेकांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं. मूल्यमापन करायचं नाही, फक्त टिपायचं: प्रश्न किती विचारले, उत्तरं कुणी दिली, फळा पुसला तेव्हा किती जणांचं लिहून व्हायचं होतं. अंतर्गत परीक्षेनंतर विभागाने एकत्र बसून दहा उत्तरपत्रिका वाचायच्या. सगळे एकाच ठिकाणी चुकले असतील, तर ती चूक मुलांची नाही. खर्च शून्य, पण विभागप्रमुखाने स्वतःचा तास आधी उघडा केला पाहिजे, नाहीतर ती तपासणी वाटते. आणि सीएचबीवरच्यांना (तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना) यात घ्याच. अनेक विभागांचे तास तेच ओढतात आणि कॅसच्या शिडीवर ते नसतातच.

नॅक तोंडावर असेल तर राहिलेले रिफ्रेशर उरकून घ्या. क्रमांक हवा असेल तर दरवर्षी एक-दोघांनाच पीएचडीसाठी वर्कलोड कमी करून द्या. एकमेकांच्या तासांना बसणं मात्र याच सत्रात सुरू करता येईल.