लिथियम, चौदा महिन्यांनंतर: गोळीला चार तारे, हिरव्या बुचाला शून्य

गेल्या महिन्यात रात्री साडेआठला लॅबमधून फोन आला. ‘पेशंटला लगेच दवाखान्यात न्या, लिथियम 2.4 आलंय.’ पेशंट म्हणजे आमचे धाकटे दीर. भावजी त्या वेळी माझ्यासमोर पाटावर बसून तिसरी भाकरी मोडत होते आणि झुणक्यात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. 2.4 म्हणजे काय ते मला माहीत होतं. रक्तातलं लिथियम दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती आणि दोनच्या वर गेलं की जिवावरचं. भाकरी तशीच ताटात ठेवून बेळगावच्या वडगावातून रिक्षा केली. रात्रीचे दोनशे रुपये. त्या रिक्षाचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. भावजींना विचारूनच लिहिते. ते म्हणाले, ‘लिही, पण रिक्षाचं जास्त लिहू नको.’

ही गोळी बायपोलरची, म्हणजे मन कधी उन्मादात उधळतं आणि कधी पार खचतं त्या आजाराची; तो घरात असलेल्यांना हे सांगायला नको. आमच्याकडे 300 ची साधी लिथियम कार्बोनेट चालू आहे, दिवसाला तीन. त्याआधी भावजींचा एक भडका उडून गेला होता. नऊ रात्री झोप नाही, उसनवारीवर दोन नवे माग सांगून आले, आणि का तर माग येणार म्हणून गल्लीत पाच किलो कुंदा वाटला. पुढचे चार महिने अंथरुणातून उठले नाहीत. धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात नेलं, तिथून पुढं इथल्याच एका डॉक्टरांकडे चालू केलं. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर लिथियम सुरू झालं.

पहिले तीन महिने मी या गोळीची भाटच झाले होते. स्वस्त! महिन्याच्या गोळ्या दोनशे रुपयांच्या आत. लिथियम हे मूलद्रव्य आहे, त्याचं पेटंट कोण घेणार? ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 साली उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, अमेरिकेनं 1970 ला मान्यता दिली, आणि इतक्या वर्षांत किती नव्या गोळ्या आल्या तरी हिला कुणी मोडीत काढलं नाही. भावजी झोपायला लागले, उधारीच्या गोष्टी बंद झाल्या. तहान मात्र भयंकर. मागाशेजारी तांब्या आला, मग कळशी आली. रात्री दोनदा-तीनदा उठणं. बोटांना बारीक कंप. धोटा बदलताना काही वाटत नाही, पण ताण्यातला तुटलेला तार शोधून, दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायची म्हटलं की टोक निसटतं. ज्या माणसानं वयाच्या बाराव्या वर्षापासून डोळे मिटून गाठी मारल्या, तो तीन-तीनदा प्रयत्न करतो आणि माझ्याकडे बघत नाही. डॉक्टरांना सांगितलं. असा बारीक कंप या गोळीनं येतो, हात जाडजूड थरथरायला लागले तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, म्हणाले. त्या दोन कंपांमधला फरक तेव्हा मी कान देऊन ऐकला नाही.

आता माझी चूक, कारण एवढ्या तारांमध्ये एक तार माझ्यामुळं तुटलेली आहे. चिठ्ठीवर लिहिलं होतं: सुरुवातीला आणि डोस बदलला की पाच ते सात दिवसांनी रक्तातलं लिथियम, मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, शिवाय सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम. लिथियमच्या एका तपासणीला चारशे रुपये. महिन्याची गोळी दोनशेला आणि सुई चारशेला, हे माझ्या वहीत बसेना. माणूस ठणठणीत आहे, झोपतोय, जेवतोय, मग रक्त कशाला? एप्रिलची तपासणी मी मेवर ढकलली. त्या चारशे रुपयांचं पुढं काय झालं ते सांगते.

मेमध्ये भावजींची कंबर धरली. माग चालवणाऱ्यांची धरतेच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन आणलं, पाच दिवस खाल्लं. त्याच महिन्यात सासूबाईंचं बीपी वाढलं म्हणून मी अख्ख्या घराचं मीठ निम्म्यावर आणलं होतं. एका स्वयंपाकात दोन चवी कोण करणार? वर ते ऊन. चौथ्या दिवशी भावजींना जुलाब लागले. आम्ही म्हटलं आंबे बाधले. सहाव्या दिवशी चहाची बशी धरली तर कप वाजायला लागला. चालताना तोल जायला लागला, जीभ जड. गल्लीतल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘वहिनी, दुपारीच घेतली वाटतं त्यांनी.’ मीही क्षणभर तसंच समजले, हे कबूल करते.

आकडा आला 1.9. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. दोन दिवस सलाईन, लिथियम बंद, मग हळूहळू परत चालू. बिलाचा आकडा लिहीत नाही. चारशे रुपयांच्या किती तपासण्या झाल्या असत्या ते मी मोजलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी वहीत चित्र काढून समजावलं. लिथियम शरीराबाहेर जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच जातं. मूत्रपिंडाला ते मिठातल्या सोडियमसारखं वाटतं. मीठ कमी पडलं, घाम गेला, जुलाब झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही आत अडकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी ते बाहेर पडणं अजून मंदावतं. बीपीच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्याही तेच करतात. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या डब्यातली एक गोळी चुकून भावजींच्या हाती गेली, तर सावध राहायला हवं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. कंबरदुखीची गोळी देताना दुकानदारानं दुसरं काही चालू आहे का एवढं एकच विचारलं असतं, तर! पण आम्हीही सांगितलं नव्हतं. मनाच्या गोळ्या खातो हे दुकानात मोठ्यानं कोण सांगतं?

भाषेचंही एक सांगते, पण त्यावरून सीमाप्रश्न काढते आहे असं कुणी म्हणू नये. गोळ्यांच्या कागदी पाकिटावर कंपाउंडर कन्नडमध्ये लिहून देतो आणि तोंडानं सांगतो, ‘बेळिग्गे ओंदु, रात्रि एरडु’. सकाळी एक, रात्री दोन. माझं कन्नड बाजारापुरतं चालतं, सासूबाईंचं तेवढंही नाही. एकदा मी माहेरी खानापूरला गेले होते तेव्हा त्यांनी उलट दिलं, सकाळी दोन आणि रात्री एक. त्यानं फार बिघडलं नाही, पण बिघडू शकलं असतं. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. हे मी कंपाउंडरला सांगितलं तर तो हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पाकिटावर एक सूर्य आणि एक चंद्र काढायला लागला. कायद्यापेक्षा चंद्र बरा. पुढं डॉक्टरांनी तिन्ही गोळ्या रात्रीच करून टाकल्या, सूर्य गेला.

मेनंतर मी पूर्ण उलटी फिरले. गोळी म्हणजे घरात पाळलेला साप, असं वाटायला लागलं. बंद करा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागले. त्यांचं उत्तर असं की एकदम बंद केलं तर आजार उसळून येण्याची भीती जास्त, कमी करायचं झालं तरी पायरीपायरीनं, त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि चूक गोळीची नव्हती. ते ‘चूक’ म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

तेव्हापासून मी तपासणीवर अशी बसले की भावजी म्हणतात, माझ्यापेक्षा माझं रक्त तुला जवळचं. पहिला मुद्दा वेळ. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला सुई. पूर्वी सकाळचीही गोळी होती तेव्हा ती खाऊन अकराला लॅबला गेलो होतो आणि 1.3 आलं होतं. डॉक्टरांनी आधी वेळ विचारली म्हणून डोस कमी झाला नाही. 0.6 ते 1.0 मध्ये आकडा हवा, तोही बारा तासांचा. आठ तासांचा आकडा बारा तासांच्या पट्टीवर लावला तर सगळं मोजमाप चुकतं. मी आता चिठ्ठीवर गोळीची वेळ आणि सुईची वेळ दोन्ही लिहून देते. लॅबवाले वाचत नाहीत, डॉक्टर वाचतात.

आणि आता ते बूच.

2.4 ची रात्र. दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं आधी रिपोर्ट पाहिलाच नाही. भावजींना हात पुढं करायला सांगितले, बोटं पसरायला लावली, एका सरळ रेषेत चालायला लावलं, जुलाब-उलट्या विचारल्या. मग मला विचारलं, ‘रक्त कुठल्या नळीत घेतलं? झाकण कुठल्या रंगाचं?’ मला आठवलं, कारण मी सगळं बघत असते. हिरवं. तांबड्या बुचाच्या नळ्या संपल्या होत्या म्हणून पोरानं ट्रेमधली दुसरी उचलली होती. तिनं कपाळाला हात लावला. हिरव्या बुचाच्या बऱ्याच नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आतून हेपॅरिन लावलेलं असतं, आणि ते हेपॅरिन असतं लिथियम हेपॅरिन. म्हणजे लिथियम मोजायला लिथियम लावलेली नळी! मिठाच्या बरणीत वरण ओतायचं आणि मग वरण खारट झालं म्हणून बोंबलायचं. तिनं तिथल्या तिथं तांबड्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं. आकडा आला 0.7. भावजी म्हणाले, ‘आता भाकरी गार झाली असेल.’

मी सकाळी लॅबला गेले. पैसे परत मागितले. मिळाले नाहीत. ‘मशीननं जे दाखवलं ते दिलं’ हे उत्तर मिळालं. मशीनचं बरोबरच होतं की, नळीत लिथियम होतंच. त्या आकड्यावर कुणी गोळी बंद केली असती तर पुढचा कुंदा कोण वाटणार होतं, लॅबवाले? पाऊण तास भांडले. मग पुढच्या वेळी तपासणी फुकट करतो म्हणाले. लेखी मागितलं, दिलं नाही.

इतरही काही. आषाढीला पायी दिंडीत जायचा भावजींचा हट्ट होता. डॉक्टरांनी ऊन, घाम, उपास असं सगळं धरून विचार केला आणि यंदा एसटीनं जा म्हणाले, निर्जळी एकादशी तर कधीच नाही. भावजी चार दिवस रुसले, मग एसटीनं गेले, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. सासूबाईंचं मीठ आता वेगळं काढते, दोन चवींचा स्वयंपाक जमतो. गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही. अडीअडचणीला 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. मी एकदा रात्री केला होता, मराठीत बोलता आलं.

कंप थोडा आहेच. गाठी भावजींचा पुतण्या मारतो, म्हणजे माझा मुलगा, शाळेतून आल्यावर. दिवाळी शांत गेली. गल्लीत कुंदा वाटला, पण अर्धा किलो, आणि तो रोखीनं घेतलेला.

परवा पुन्हा तपासणीला गेलो होतो, दुसऱ्या लॅबमध्ये. आधीच्या पोरानं नोकरी बदलून तिथंच काम धरलंय. मला दारात बघितलं आणि ट्रेमधली नळी उंच धरून ओरडला, ‘अक्का, केंपु! केंपु!’ तांबडंच होतं. आकडा 0.8. दर मात्र इथं साडेचारशे आहे.